पुढच्या मालकाची शंका

२७ जुलै २०१९ ची सकाळ. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. आत हजारावर प्रवासी होते आणि त्यांना नौकांतून बाहेर काढण्याचे काम दुपारपर्यंत चालले. ती दृश्ये देशभर पोचली. नदीकाठच्या सोसायट्यांतली दृश्ये मात्र ज्याची त्यालाच ठाऊक राहिली. स्टिल्टमध्ये उभ्या केलेल्या गाड्या काचेपर्यंत पाण्यात होत्या आणि मालक जिन्यात उभे राहून बघत होते. कित्येकांचे हप्ते अजून चालू होते. पाणी उतरल्यावर खांबांवर गाळाची आडवी रेघ उरली. २०२१ च्या जुलैत उल्हास नदी पुन्हा आत आली.

बुडालेल्या गाड्या पुढच्या काही आठवड्यांत टोइंगच्या ट्रकवर चढून गेल्या. काही दुरुस्त होऊन परतल्या. ज्यांचा दुरुस्तीखर्च विम्यात ठरलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, त्या ‘टोटल लॉस’ ठरल्या. मालकाला पैसे मिळाले आणि भंगार म्हणून गाडीचा लिलाव झाला. लिलावात घेतलेली गाडी धुऊनपुसून, नवे सीट कव्हर चढवून पुन्हा विकायला उभी राहू शकते, आणि राहते. घेणारा विचारतो, “पाण्यात गेलेली नाही ना?” विकणारा सांगतो, “नाही साहेब, सिंगल ओनर, शोरूम मेन्टेन्ड.” या एका प्रश्नात आणि त्याच्या उत्तरावर न बसणाऱ्या विश्वासात गाडीच्या पडणाऱ्या किमतीचे सगळे शास्त्र आहे, असे मला वाटते. गाडी झिजते म्हणून किंमत पडते ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी म्हणजे पुढच्या मालकाच्या मनातल्या शंका. वॅगन-आर असो की फेरारी, हा हिशेब सारखाच चालतो. फेरारीत शंका महाग असतात, एवढाच फरक.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात चार कोटींच्या गाड्या रोज दिसत नाहीत. एमएच-०५ पासिंगच्या स्विफ्ट, एर्टिगा, क्रेटा दिसतात. पण इथे कारखानदार आहेत, उल्हासनगरच्या जीन्स आणि फर्निचरच्या धंद्यात पैसा फिरतो, अंबरनाथच्या एमआयडीसीत दोन पिढ्यांचे उद्योजक आहेत आणि त्यांच्या तरुण मुलांना गाड्यांची खरी आवड आहे. दहा-बारा वर्षांची जर्मन सेडान जेव्हा नव्या एर्टिगाच्या भावात मिळते, तेव्हा ती घ्यावी की नाही हा प्रश्न इथल्या कुठल्याही गॅरेजच्या बाकावर रंगतो. तो प्रश्न स्पोर्ट्स कारच्या किमतीच्या प्रश्नाचाच धाकटा भाऊ आहे.

आधी कागदावरचा घसारा पाहू, कारण तो तीन वह्यांत तीन तऱ्हेने लिहिलेला असतो आणि लोक त्या एकमेकींत मिसळतात.

पहिली वही विम्याची. गाडीची विमा-किंमत, म्हणजे सगळे जिला आयडीव्ही म्हणतात ती, ठरलेल्या कोष्टकाने उतरते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. हे कोष्टक मॉडेल बघत नाही. बाजारात हातोहात जाणारी आणि कुणी हात न लावणारी, दोन्ही गाड्यांना तोच नियम. शिवाय ते कंपनीच्या छापील किमतीवर चालते. रोड टॅक्स आणि नोंदणीचा खर्च त्यात धरत नाहीत. पाच वर्षांपुढची किंवा उत्पादन बंद झालेली गाडी असेल, तर मालक आणि विमा कंपनी आपसांत रक्कम ठरवतात. दुर्मिळ गाडीच्या मालकाने या ठिकाणी वाद घालायला शिकले पाहिजे. जिची किंमत बाजारात वाढते आहे तिचा विमा घटत्या रकमेवर उतरवला, तर अपघातानंतर जे हाती येते त्यात तशी दुसरी गाडी मिळत नाही.

दुसरी वही आयकराची. धंद्याच्या नावावर घेतलेल्या मोटारीवर साधारणपणे दरवर्षी १५ टक्के घसारा, तोही उरलेल्या किमतीवर. एक कोटीची गाडी पाच वर्षांनी पुस्तकात सुमारे ४४ लाख ३७ हजारांची उरते. गाडी प्रत्यक्षात सत्तर लाखांना गेली काय किंवा पंचवीस लाखांना, पुस्तकाला त्याचा पत्ता विक्रीच्या दिवशी लागतो. उल्हासनगरचा व्यापारी महागडी गाडी कंपनीच्या नावावर का घेतो याचे उत्तर या वहीत आहे. त्याच गाडीवर महाराष्ट्रात रोड टॅक्स मात्र चढा बसतो. खासगी नावावरच्या पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११, १२ किंवा १३ टक्के. कंपनीच्या नावावरची किंवा आयात केलेली असेल तर २० टक्के.

या करालाही वरची मर्यादा आहे. ती २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्तो भारतात ८ कोटी ८९ लाखांना आली. तिच्यावर २० टक्के लावले तर पावणेदोन कोटींच्या वर होतात, पण भरायचे तीसच लाख, म्हणजे साडेतीन टक्क्यांपेक्षाही कमी. बदलापूरचा नोकरदार नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के भरतो. मला हे पटत नाही. हा अन्याय पुनर्विक्रीतही पुढे चालतो. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर भरलेला कर परत मिळत नाही, आणि जुन्या गाडीचा गिऱ्हाईक भाव ठरवताना त्याचे पैसे वेगळे मोजत नाही. शोरूममधून गाडी बाहेर पडताच जी पहिली मोठी घट होते, ती बव्हंशी कर, नोंदणी आणि विम्याचे पैसे वितळण्याची असते. लहान गाडीच्या मालकाला ती जास्त लागते.

तिसरी वही बाजाराची. ती कुठे छापलेली नसते.

या वहीत जगभरच्या स्पोर्ट्स कारच्या काही नोंदी फार बोलक्या आहेत. पोर्शे कॅरेरा जीटी २००३ ते २००६ या काळात तयार झाली, एकूण १,२७० गाड्या, अमेरिकेत किंमत सुमारे ४ लाख ४० हजार डॉलर. दहा सिलिंडरचे इंजिन, हाताने बदलायचे गिअर, आणि चालवायला अवघड म्हणून नाव. पुढची कित्येक वर्षे ती मूळ किमतीच्या खाली विकली गेली. ज्यांनी त्या काळात घेतली त्यांना लोकांनी वेड्यात काढले असेल. मग स्पोर्ट्स कारमधून हाताचे गिअर नाहीसे झाले, इंजिनांना टर्बो लागले, बॅटऱ्या आल्या, आणि तिच्यासारखी गाडी आता कुणी बनवणार नाही हे स्पष्ट झाले. २०२० नंतर तिचा भाव दहा लाख डॉलरच्या पलीकडे गेला. गाडी तीच होती. तिच्याविषयीची शंका संपली होती.

याच्या उलट पोर्शे ९११ आर. २०१६ मध्ये फक्त ९९१ गाड्या निघाल्या, किंमत १ लाख ८५ हजार डॉलरच्या आसपास. ही पुन्हा मिळायची नाही, या समजुतीने बाजारात तिचे मूळ किमतीच्या कितीतरी पट मागितले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी पोर्शेने ९११ जीटी३ ची ‘टूरिंग’ आवृत्ती काढली. तिलाही हाताचे गिअर, तिलाही मोठा पंख नाही, आणि संख्येला बंधन नाही. ९११ आरचा फुगा बसला. ज्यांनी वर्षभरापूर्वी चढ्या भावाने घेतली त्यांचे लाखो डॉलर एका कंपनीच्या एका घोषणेने गेले. दुर्मिळपणा विकत घेताना तो कुणाच्या मुठीत आहे हे पाहावे लागते.

कंपन्यांनाही हे कळते. फोर्डने नव्या फोर्ड जीटीच्या गिऱ्हाइकांकडून दोन वर्षे गाडी विकणार नाही असे लिहून घेतले होते. कुस्तीगीर-अभिनेता जॉन सीनाने ती लगेच विकली तेव्हा फोर्डने २०१७ मध्ये त्याच्यावर दावा लावला. पुढे २०१८ मध्ये तडजोड झाली. नवी कोरी गाडी छापील किमतीपेक्षा जास्त भावात विकता येते म्हणून तिच्या विक्रीवरच बंधन, ही गोष्ट आपल्याकडच्या शोरूममध्ये कुणाला सांगितली तर खरी वाटणार नाही.

पण अशा गाड्या मूठभर. बहुसंख्य स्पोर्ट्स कार घसाऱ्यावरून दगड सुटावा तशा खाली येतात. मॅक्लरेनची एमपी४-१२सी २०११ मध्ये आली आणि २०१४ मध्ये तिची जागा ६५०एसने घेतली. दर थोड्या काळाने नवे मॉडेल काढायचे, आधीच्या गिऱ्हाइकाला जुने ठरवायचे, हा क्रम जुन्या गाडीच्या भावाला फार महागात पडला. ब्रिटनमध्ये १२सी काही वर्षांत निम्म्या भावाला आली. बेंटले, मासेराती, अॅस्टन मार्टिन यांच्या मोठ्या आरामशीर गाड्यांचेही तेच. त्या घेणाऱ्याला नवी हवी असते, जुनी घेणाऱ्याला दुरुस्तीची धास्ती असते, आणि या दोघांच्या मध्ये गाडी उभी राहते.

दुरुस्तीची ही धास्ती नीट उलगडून सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडच्या जर्मन सेडानच्या मागेही तीच उभी आहे. गाडीची किंमत पडते, सुट्या भागांची पडत नाही. आठ कोटींची गाडी वीस वर्षांनी एक कोटीला मिळाली, तरी तिचे कार्बन-सिरॅमिक ब्रेक आठ कोटींच्या गाडीचेच असतात. फेरारीच्या एफ३५५ मध्ये टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावे लागे, आणि तो बेल्ट गाडी चालो न चालो, वर्षांच्या हिशेबाने बदलायचा. पुढच्या ३६० मॉडेलमध्ये इंजिन उतरवण्याची गरज राहिली नाही, तरी बेल्ट राहिला. एफ४३० मध्ये साखळी आली तेव्हा एक मोठी शंका मिटली. सुरुवातीच्या अर्ध-स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत, म्हणजे फेरारीचा एफ१ गिअरबॉक्स किंवा लॅम्बोर्गिनी गॅलार्डोचा ई-गिअर, क्लच किती टक्के उरला आहे हे संगणक लावून वाचता येते. जाणकार गिऱ्हाईक किलोमीटरआधी तो आकडा विचारतो. दर दोन मिनिटांनी इंचभर सरकणाऱ्या वाहतुकीत हा क्लच झपाट्याने संपतो. कल्याण-बदलापूर रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता ज्याने गाडी काढली आहे त्याला अधिक सांगायला नको.

आणि उभी ठेवली तरी सुटका नाही. रबर कडक होते, बॅटरी उतरते, टायर झिजल्याशिवाय म्हातारे होतात. टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटरवर तीन हजार किलोमीटर आणि टायर नऊ वर्षांचे, अशी गाडी नवी नव्हे. आपल्याकडे ‘कमी चाललेली’ या दोन शब्दांना नको इतका मान आहे. नियमित चालवलेली, वेळेवर तेल बदललेली, बिले जपून ठेवलेली गाडी मला कितीतरी जास्त भरवशाची वाटते, मग ती फेरारी असो की अल्टो.

भारतात या सगळ्यावर एक आणखी थर चढतो, आयात शुल्काचा. त्याची सगळ्यांना आठवणारी गोष्ट आपल्या सचिनची. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला त्याने २९ वे कसोटी शतक काढून ब्रॅडमनशी बरोबरी केली आणि फियाटकडून त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. मिशाएल शूमाखरच्या हातून ती दिली गेली. भारतात आणायची तर सीमाशुल्क सुमारे १ कोटी १३ लाख, खुद्द गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. सरकारने ते माफ करायचे ठरवले तेव्हा वाद पेटला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि शेवटी कंपनीने शुल्क भरले. मुंबईच्या रस्त्यांवर ती लाल गाडी वर्षानुवर्षे दिसली. २०११ मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाने घेतली. ३६० मोडेना ही काही मोजक्याच निघालेली गाडी नव्हे. जगात तिच्या हजारो बहिणी आहेत. त्या एका गाडीचे मोल मात्र वेगळे, कारण तिच्या आधीच्या मालकाविषयी कुणालाच शंका नव्हती. जुन्या गाडीच्या व्यापारात ‘पहिला मालक कोण’ हा प्रश्न किती खोलवर जातो याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

शुल्कामुळे इथल्या स्पोर्ट्स कारचा घसारा परदेशापेक्षा निराळ्या चालीने चालतो. ४० हजार डॉलरहून महाग अशी तयार गाडी आणली की शुल्काचा बोजा ११० टक्क्यांच्या घरात. नवी इतकी महाग असल्यामुळे जुनीचा भाव टेकून राहतो. पण तो टेकू सरकारच्या हातात आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटनमध्ये व्यापार करार झाला. त्यात ठरावीक संख्येपर्यंतच्या ब्रिटिश गाड्यांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचे ठरले. पूर्ण शुल्क भरून ज्याने बेंटले, मॅक्लरेन किंवा अॅस्टन मार्टिन घेतली त्याच्या गाडीखालची जमीन सरकली. गाडीला ओरखडाही गेलेला नसताना.

त्यानंतर दोनच महिन्यांनी ही जमीन आपल्या गल्लीतल्या गाड्यांखालचीही सरकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि वरचा उपकर गेला. कंपनीने सगळा फायदा पुढे दिला तर सहा लाखांची छोटी पेट्रोल गाडी सुमारे ५१ हजारांनी स्वस्त. मोठ्या इंजिनांच्या गाड्यांवर जीएसटी आणि उपकर मिळून ४८ ते ५० टक्के होता, तो सरसकट ४० झाला. चार कोटींच्या स्पोर्ट्स कारमध्ये वीस लाखांहून जास्त फरक. आदल्या आठवड्यात ज्याने जुनी स्विफ्ट घेतली त्याचे नुकसान झाले, आणि ज्याने जुनी गाडी विकायला काढली होती त्याला फोन येईनासे झाले. २०२१-२२ मध्ये चिप मिळत नसल्याने नव्या गाड्यांना महिनोन्महिने वाट पाहावी लागत होती आणि जुन्या गाड्या चढ्या भावाने जात होत्या. त्याची ही उलटी बाजू. दोन्ही वेळा मालकाने काहीही केलेले नव्हते.

भारतातल्या स्पोर्ट्स कारच्या बाजाराला आणखी एक अडचण आहे, ती छोट्या आकाराची. लॅम्बोर्गिनीने भारतात २०२१ मध्ये ६९, २०२२ मध्ये ९२ आणि २०२३ मध्ये १०३ गाड्या विकल्या. हा उच्चांक मानला गेला, पण हे आकडे बघा. वर्षाला शंभर गाड्या, त्यांत उरुस एसयूव्हीचा मोठा वाटा. अशा बाजारात जुन्या गाडीला भाव नसतो, गिऱ्हाईक असते किंवा नसते. स्विफ्ट आठवड्यात जाते. पिवळी हुराकान वर्षभर थांबू शकते, आणि ज्याला पैशांची घाई आहे त्याला त्या थांबण्याची किंमत मोजावी लागते.

आता कागदपत्रे. या विषयावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण आपल्या भागात लोकांचे खरे पैसे इथे बुडतात.

फार वर्षांपूर्वी मी एक जुनी गाडी एका एजंटामार्फत विकली. पैसे मिळाले, मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, आणि विसरून गेलो. दीड वर्षाने माझ्या नावाने सिग्नल तोडल्याची चलने येऊ लागली. गाडी तिसऱ्याच गावात, तिसऱ्याच माणसाकडे होती आणि आरसीवर मीच मालक होतो. माझे निभावले. एखादा अपघात झाला असता तर निभावले नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक, त्याने गाडी आधीच विकली असली तरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत कळवायचे असते. एप्रिल २०२३ पासून परवानाधारक डीलरसाठी नवे नियम आले. त्यांनी गाडी ताब्यात घेतली की पोर्टलवर कळवायचे, आणि पुढच्या विक्रीपर्यंत जबाबदारी त्यांची. नियम चांगला आहे. पण रस्त्याच्या कडेला चार गाड्या उभ्या करून धंदा करणारे कितीतरी जण या परवान्याच्या बाहेर असतात. गाडी विकल्यावर नाव बदलले की नाही हे आपण स्वतः मोबाइलवर पाहावे.

बोजा हा दुसरा प्रश्न. कर्ज फिटले तरी फॉर्म ३५ देऊन आरसीवरून बँकेचे नाव काढले नाही, तर विक्री तिथेच अडते. तिसरा, परराज्यातली गाडी. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर आलेल्या बंदीमुळे तिथल्या गाड्या स्वस्त झाल्या आणि एनओसी घेऊन देशभर पांगल्या. दिसायला देखण्या असतात. पण इथे एमएच-०५ पासिंग करून घ्यायचे तर पुन्हा कर, पुन्हा फेऱ्या. महागड्या गाड्यांत ही गोष्ट उलट्या दिशेने होते. कर वाचवायला पुदुच्चेरीचा पत्ता लावून नोंदणी करायची, हा प्रकार २०१७ मध्ये केरळमधल्या नामवंतांच्या गाड्यांमुळे गाजला. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्येच सीमाशुल्क विभागाने ‘नुमखोर’ नावाची मोहीम काढून भूतानमार्गे आल्याचा संशय असलेल्या गाड्या जप्त केल्या. जप्त झालेल्या गाडीचा घसारा एका दिवसात शंभर टक्के असतो.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण मनाला जास्त लागणारे आहे. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनची अवंती ही भारतीय स्पोर्ट्स कार २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दिसली तेव्हा अनेक मराठी पोरांच्या भिंतींवर तिचे चित्र लागले. इंजिन रेनॉचे, दोन लिटरचे, टर्बोवाले. किंमत काही कोटी नव्हे, पस्तीस लाखांच्या आसपास. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रियांना अटक केली. एकाच गाडीच्या क्रमांकांवर अनेक नोंदण्या आणि अनेक कर्जे घेतल्याचा आरोप होता. न्यायालयात काय ठरायचे ते ठरेल. पण ज्याने हौसेने, पै-पै जमवून अवंती घेतली आणि ज्याचे कागद स्वच्छ होते, त्याच्या गाडीकडेही त्या दिवसापासून लोक संशयाने पाहू लागले. सुटे भाग कुठून आणायचे ही चिंता आधीच होती. त्या प्रामाणिक मालकांचे वाईट वाटते.

रस्त्यांचेही एक कोष्टक असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हळुवार चढाचा असावा. आपल्या गल्ल्यांतले गतिरोधक रात्रीतून सिमेंट ओतून केलेले, अरुंद आणि टोकदार असतात. वॅगन-आरच्या पोटाखाली १६५ मिलिमीटर जागा असते, तिलाही ते लागतात. स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली बहुतेकदा १३० मिलिमीटरही नसतात. नाक वर उचलायची सोय असली तरी ती दर पन्नास पावलांवर वापरायची नसते. म्हणून जाणकार माणूस अशी गाडी घेताना बोनेट उघडण्याआधी तिला लिफ्टवर चढवतो आणि खालची बाजू पाहतो. जर्मन सेडानलाही हेच लागू. एअर सस्पेन्शन, ऑइल पॅन, गिअरबॉक्सचे कव्हर या ठिकाणी या रस्त्यांचा इतिहास कोरलेला असतो. बदलापूरहून काटई नाक्यापर्यंत वर्षभर रोज गेलेली गाडी आणि तेवढेच किलोमीटर महामार्गावर चाललेली गाडी, मीटरवर आकडा सारखा दिसला तरी एक नव्हेत.

नव्या शंकांपैकी सगळ्यात मोठी बॅटरीची. पोर्शे टायकानसारख्या विजेच्या गाड्या परदेशात पहिल्या दोन-तीन वर्षांतच फार खाली आल्या. फेरारीची संकरित एसएफ९० मूळ किमतीच्या बरीच खाली विकली जाऊ लागली, तेव्हा फेरारीने २०२४ मध्ये वाढीव हमीची योजना काढली. दरवर्षी पैसे भरत राहा, आठव्या आणि सोळाव्या वर्षी बॅटरी बदलून देऊ. कंपनीने पुढच्या मालकाची शंका स्वतः विकत घ्यायची तयारी दाखवली. विजेवरच्या छोट्या गाड्या आपल्या सोसायट्यांतही आल्या आहेत. पाच वर्षांनी त्या विकायला निघतील तेव्हा बॅटरीची तब्येत किती टक्के आहे हे सांगणारा विश्वासार्ह दाखला त्यांच्याबरोबर असला पाहिजे. नसेल तर गिऱ्हाईक सगळ्यात वाईट तेच धरून भाव करील, आणि त्यात त्याची चूक नसेल.

तसाच दाखला पाण्याचाही हवा. उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांच्या काठी आपण राहतो. ज्या गाडीवर विमा कंपनीने टोटल लॉसचे पैसे दिले, ती नोंद गाडीच्या क्रमांकाला कायमची चिकटलेली असावी आणि आरसी तपासणाऱ्या कुणालाही ती फुकट दिसावी, ही मागणी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरातून उठायला हवी. नोंद असली की बुडालेली गाडीसुद्धा प्रामाणिक भावाने विकली जाईल आणि न बुडालेल्या गाडीला उगाच संशयाचा दंड बसणार नाही.

तोवर हाताने तपासावे लागते. गेल्या पावसाळ्यानंतर शेजारच्या मुलाबरोबर मी एक जुनी सेडान बघायला गेलो. बाहेरून काच चमकत होती, आत अत्तराचा दाट वास होता. त्याला म्हटले, सीट बेल्ट ओढ, थांबेपर्यंत ओढ. शेवटचे वीतभर कापड बाहेर आले ते तपकिरी होते, आणि हाताला त्याची बारीक माती लागली. डिकीतली स्टेपनी काढायला सांगितली, खालच्या खोलगट जागेत तोच गाळ वाळून बसला होता. विकणारा काही बोलला नाही. मुलाने बेल्ट हळूच सोडला, तो पूर्ण आत गेला नाही, अर्ध्यावरच अडकून राहिला.